तुरटीचं पाणी

लेटीचा झगा तुरटीच्या पाण्यात बुडवायचा नाही, असं आईने तिसऱ्यांदा बजावलं तेव्हा केझायाने मान वर न करता नुसतं "बरं" म्हटलं. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते आईला ऐकू आलं नाही. केझायाच्या आवाजाकडे कान द्यायची तिची सवय मोडून आठ वर्षं झाली होती.

नाताळ चार दिवसांवर आला होता. लॅम्बेथ वस्तीतल्या ज्या थिएटरात या मायलेकी काम करत तिथे सव्वीस तारखेला नवा खेळ लागायचा होता आणि छपराखालच्या कपडेखोलीत बायकांना जेवायला उसंत नव्हती. मागच्या रांगेत नाचणाऱ्या चोवीस मुलींचे चोवीस झगे, प्रत्येकाला टार्लटनचे सहा थर. टार्लटन म्हणजे जाळीसारखं विरळ, पांढरंशुभ्र सुती कापड. फुंकर मारली तरी हलतं आणि ठिणगी पडली तर कापसासारखं भडकतं. म्हणून हे सगळे थर मागच्या अंगणातल्या पिंपात तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवायचे. असं बुडवलेलं कापड पेटत नाही. पण ते जड होतं, पायांना खरखर लागतं आणि मुख्य म्हणजे त्याचा पांढरेपणा जातो. जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा रंग येतो. मागच्या रांगेतल्या मुली कुरकुर करत का होईना तेच घालत. पहिल्या नर्तिकेवर मात्र थिएटरची सक्ती नव्हती, आणि यंदा पहिली नर्तिका लेटी होती.

आईने, म्हणजे सुझाना ट्रँटरने, वीस वर्षं मागच्या रांगेत काढली होती. कपडेखोली तिच्या हाती आली ती गुडघे कुरकुरायला लागल्यावर. तिच्या दोन मुलींमध्ये बारा वर्षांचं अंतर. थोरली केझाया आठ वर्षांपूर्वी याच मंचावर पहिली नर्तिका म्हणून उभी राहिली होती. ती अकरा खेळ नाचली. बाराव्या खेळाला मंचावरची एक फळी तिच्या पायाखालून सरकली, ती खाली तळघरात पडली आणि तिचा उजवा गुडघा कायमचा गेला. पलंगावरून उठली तेव्हा आईने तिच्या हातात सुई-दोरा दिला आणि दुसऱ्याच आठवड्यात अकरा वर्षांच्या लेटीला नाचाच्या वर्गात घातलं. यात आईचं काही चुकलं असं कुणी म्हणालं नाही. घर चालायला हवं होतं. पण केझायाला तो आठवडा विसरता आला नव्हता.

रोज सकाळी तेच. लेटी खुर्चीत बसलेली, आई तिच्यापुढे जमिनीवर बसून तिची पावलं मांडीवर घेऊन ब्रँडी चोळते आहे. एकेक बोट ओढून, टाच दाबून. मग उठून तिची वेणी घालते. केझाया टेबलापाशी पाव कापायची आणि बघायची नाही असं ठरवून बघायची. स्वतःचा गुडघा थंडीत ठणकायचा तेव्हा ती खालच्या लोकांकडून गरम वीट मागून आणायची आणि आपली आपण शेकायची.

"तुझ्याच्याने चाकूची धार जायची," डेल्फी आत्या एकदा म्हणाली. "पाव कापत्येस का लाकूड?"

डेल्फी आत्या त्यांच्या मेलेल्या बापाची बहीण. भावामागे ती या घरात राहिली आणि पहिल्या दिवसापासून केझायाच्या बाजूने राहिली. वहिनीशी तिचं फारसं पटत नव्हतं, आणि लेटी वहिनीची म्हणून केझाया आपली, अशी तिने मनात वाटणी करून टाकली होती. उलट अँब्रोज मामा आईचा सख्खा भाऊ. थिएटरातल्या गॅसच्या सगळ्या दिव्यांच्या चाव्या त्याच्या हातात. तो लेटीला 'आमची पाखरी' म्हणायचा. केझायाला तो 'बाई' म्हणायचा.

त्या वर्षी बोलणं एकाच गोष्टीचं होतं. पहिल्या खेळाला नदीपलीकडच्या ऑपेरा हाउसचा माणूस येणार होता, लेटीला बघायला. आईला ही बातमी कळली त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली होती. लेटी चोवीस मुलींच्या पुढे बर्फासारखी दिसली पाहिजे, असं ती म्हणे. म्हणून बुडवायचं नाही. लेटीलाही तेच हवं होतं. तिने तर दोन महिने आधीपासून सांगून ठेवलं होतं की खरखरीत झग्यात आपल्याला उडी मारता येत नाही.

झगा शिवला केझायाने. सहाच्या जागी नऊ थर, प्रत्येक थर वरच्यापेक्षा बोटभर लांब, कमरेशी इतक्या बारीक चुण्या की मोजायला बसलं तर डोळे दुखावेत. वरून रुपेरी तारा विणलेल्या तलम कापडाची ओढणीसारखी झालर शेवटी टाचायची होती. सतरा दिवस ती तेच शिवत होती. शिवण ही एकच गोष्ट तिला नीट येत होती आता, आणि हातातलं काम वाईट करणं तिला जमत नसे. झगा पुरा होत आला तसतसं तिला कळत गेलं की इतकं सुंदर काही तिने आयुष्यात केलं नाही.

तेवीस तारखेला दुपारी आई लेटीला घेऊन चांभाराकडे गेली. कपडेखोलीतल्या बाकीच्या बायका जेवायला खाली उतरल्या. केझाया एकटी राहिली. तिने झगा खुंटीवरून काढला, अंगाशी धरला आणि भिंतीवरच्या डागाळलेल्या आरशासमोर उभी राहिली. छपराच्या काचेतून पडणाऱ्या उजेडात नऊ थर असे उजळले की तिचा स्वतःचा चेहरा त्यावर कुणी ठेवून दिल्यासारखा वाटला. वाळलेला, नाकाशी दोन रेघा पडलेला. झगा तिचाच होता, हात तिचेच होते, आणि तीन दिवसांनी दोन हजार माणसं श्वास रोखून बघणार ती लेटीकडे.

तिने रागाने काही केलं नाही. घाईनेही नाही. झगा हातावर घेऊन ती मागचा जिना उतरली, दर पायरीला गुडघा सांभाळत. अंगणात पिंप झाकलेलं होतं. वर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता, तो तिने मुठीने फोडला. नऊही थर पाण्यात गेले, वर आले, तिने पुन्हा खाली दाबले. हात कोपरापर्यंत लाल झाले. पुढे पुष्कळ वर्षांनी लोकांनी त्या दुपारबद्दल नाना गोष्टी सांगितल्या, पण त्या वेळी आपल्या मनात काय होतं हे केझायाला पक्कं ठाऊक होतं. लेटीला आगीपासून वाचवायचा विचार तिला शिवलासुद्धा नव्हता. लेटी मळकट दिसावी, एवढंच तिला हवं होतं.

वाळवायच्या खोलीत शेगडीपाशी चोवीस झग्यांच्या मागे तिने तो टांगला. संध्याकाळपर्यंत वाळला. मग इस्त्री केली आणि वर रुपेरी झालर टाचली. ती कोरडीच, कारण तुरटीने तारा काळ्या पडतात. झालरीमुळे खालचा रंग थोडा झाकला गेला. आईने जाता जाता दारातून पाहिलं, छान झालाय म्हणाली आणि मुलींच्या मोज्यांची गाठोडी सोडायला गेली.

चोवीस तारखेला सकाळी अकराला रंगीत तालीम होती. लेटीने झगा अंगावर चढवला आणि लगेच तिचे हात कमरेशी थांबले.

"ताई, हा खरखरतो."

"नवा आहे," केझाया पाठीमागे हुक लावत म्हणाली.

"आणि पांढरा का नाही?"

"खोलीतल्या उजेडाने तसं दिसतंय. मंचावर जा, मग बघ."

लेटी वळून तिच्याकडे बघत राहिली. लेटी भोळी होती, मूर्ख नव्हती. पण खालून घंटा झाली आणि तिला जावं लागलं.

केझाया विंगेत जाऊन उभी राहिली. असं ती कधी करत नसे. चोवीस मुली धुक्यासारख्या मंचावर पसरल्या, वाद्यं सुरू झाली आणि मधून लेटी आली. केझायाने पाहिलं. तिच्या झग्यात आणि मागच्या मुलींच्या झग्यांत काडीचाही फरक नव्हता. चोवीसांच्या जागी पंचवीस, बस्स. केझायाच्या छातीत काहीतरी सैल झालं, गरम दूध घशाखाली जावं तसं. तेवढ्यात अंधाऱ्या प्रेक्षागृहातून मालक मिस्टर प्रॉथरो ओरडला की पहिली नर्तिका कुठे आहे, मला ती दिसतच नाही. झग्याला लापशी फासलीय का? मुलींमधून हसू फुटलं. लेटीचे कान लाल झाले.

"पुढे ये पोरी," प्रॉथरो म्हणाला. "दिव्यांपाशी ये. तिथे तरी दिसशील."

मंचाच्या पुढच्या काठाला गॅसच्या दिव्यांची रांग होती. ज्योतींपुढे तारेची जाळी असे, पण ती बोटभर उंच, नावापुरती. लेटी पुढे आली. अपमान झालेला माणूस नाचतो तशी ती नाचली, हात लांबवर फेकत, नेहमीपेक्षा मोठी गिरकी घेत. दुसऱ्या गिरकीला झग्याचा घेर जाळीवरून गेला. तिसऱ्या गिरकीला रुपेरी झालरीने पेट घेतला.

आवाज फार झाला नाही. केझायाला आठवतं ते एवढंच की वाद्यं आणखी चार-पाच सूर वाजत राहिली. लेटीच्या कमरेभोवती पिवळी ज्वाळा एकदम वर गेली, तिच्या केसांपर्यंत. मुली किंचाळत मागे पळाल्या, आणि तेच बरोबर होतं, कारण धावत जाणाऱ्या मुलीही पेटतात हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असे. लेटी पळाली नाही. ती जागच्या जागी उभी राहून दोन्ही हातांनी स्वतःला बडवत होती. केझाया निघाली, पण तिचा गुडघा अडला आणि ती विंगेच्या खांबाला धरून पडली. तिच्या अंगावरून अँब्रोज मामा ओली घोंगडी घेऊन गेला.

त्याने लेटीला घोंगडीत गुंडाळून खाली पाडलं. पण पुढे त्यानेच सांगितलं की तो पोचला तेव्हा विझवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. झालर जळून गेली होती आणि खालचे थर काळे पडून नुसते धुमसत होते.

डॉक्टर आला. जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी घोटून त्याने लेटीच्या दोन्ही तळव्यांना आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत लावली, वर कापूस आणि पट्ट्या बांधल्या. एका बाजूचे केस गेले होते. पायांना, पोटाला, छातीला काहीही झालं नव्हतं. आईने वरच्या कपडेखोलीतून खाली येताच पहिल्यांदा लेटीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. चेहरा धड होता. मग ती मटकन खाली बसली. तालमीला आलेली डेल्फी आत्या लेटीचा कोट हातात घेऊन उभी होती, तिने ते पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

जळका झगा मामाने उचलला. त्याने एक थर बोटांत धरून चुरगाळला, वास घेतला, जिभेला लावून पाहिला.

"सुझी," तो आईला म्हणाला, "हा बुडवलेला आहे."

आईला आधी कळलंच नाही. मग तिने मान वळवून केझायाकडे पाहिलं. केझाया अजून खांबाला टेकूनच होती. आई उठली, सगळ्यांच्या देखत तिच्यापाशी आली आणि तिला मिठी मारली. मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रॉथरोने डोक्यावरची हॅट काढली. आठ वर्षांत आईने तिला असं जवळ घेतलं नव्हतं. केझाया हात खाली सोडून, लाकडासारखी उभी राहिली.

*

नाताळचं जेवण दुपारी दोनला असे. हंस भाजायला गल्लीतल्या बेकरीत दिला होता, तो मामा टोपलीतून झाकून घेऊन आला. बटाटे, कांद्याचं सारण, मागाहून मनुकांचं पुडिंग. टेबलावर दरवर्षीसारखंच सगळं होतं, फक्त बसायच्या जागा बदलल्या होत्या. आईने केझायाला आपल्या उजव्या हाताला बसवलं होतं. ती लेटीची जागा. लेटी समोर, पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून, एका बाजूला कापलेल्या केसांवर आत्याची टोपी घालून बसली होती. रात्रभर तिला झोप नव्हती. उद्याच्या खेळात तिच्या जागी मागच्या रांगेतली एक मुलगी नाचणार हे ठरून गेलं होतं. ऑपेरा हाउसचा माणूस येणार आणि त्या मुलीला बघून जाणार. याबद्दल सकाळपासून कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मामाने पेला उचलला. तो बोलणारा माणूस नव्हता, तरी बोलला. म्हणाला की पस्तीस वर्षं मी या दिव्यांमध्ये काढली, तीन पोरींना माझ्या डोळ्यांदेखत जाताना पाहिलं. काल आपल्या घरातली चौथी जायची. ती गेली नाही, कारण हिची आई नको म्हणत असताना, ही स्वतः नको म्हणत असताना, एका माणसाने डोकं ताळ्यावर ठेवलं. "मी तुला कधी नीट बोललो नाही केझाया," तो म्हणाला, "ते माझं चुकलं."

सगळ्यांनी पेले उचलले. लेटीला उचलता येईना म्हणून तिने मान झुकवली. आईने केझायाच्या हातावर हात ठेवला.

केझायाने तो हात तसाच राहू दिला असता तर घरात पुढची कित्येक वर्षं वेगळी गेली असती. तिलाही ते कळत होतं. इतकी वर्षं जे हवं होतं ते आयतं ताटात वाढून आलं होतं, आणि तिला घास गिळवत नव्हता. कालपासून ती डोळे मिटले की दोनच गोष्टी बघत होती. लेटीचे लाल झालेले कान, आणि तिचं पुढे दिव्यांकडे चालत येणं.

"मी तिला वाचवायला बुडवला नव्हता," ती म्हणाली.

मामाचा पेला अर्ध्यावर थांबला.

"केझाया, जेव," डेल्फी आत्या पटकन म्हणाली.

"ती मळकट दिसावी म्हणून बुडवला. त्या माणसाला ती आवडू नये म्हणून."

"काय बोलतेस तू?" आई म्हणाली.

"आणि ती मळकट दिसली म्हणूनच प्रॉथरोने तिला पुढे बोलावलं. झगा पांढरा असता तर ती आपल्या जागी नाचली असती. दिव्यांपाशी गेलीच नसती."

आत्याने काटा खाली ठेवला. "अगं बाई, गप्प बस ना," ती खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी तुझ्या वाट्याला आलंय. घे की ते. कोण विचारणार होतं तुला?"

मामाने पेला टेबलावर ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. लेटी केझायाकडे एकटक बघत होती, आणि त्या बघण्यात राग असता तर केझायाला बरं वाटलं असतं. राग नव्हता. लेटीला ते काल हुक लावतानाच कळलं होतं, एवढंच त्यात दिसत होतं.

आईने आपला हात काढून घेतला. आता ती ओरडेल, घरातून चालती हो म्हणेल, असं केझायाला वाटलं. तिने त्याचीही तयारी केली होती. पण आईचा चेहरा एकाएकी उतरला, फार म्हातारा दिसू लागला.

"तुझ्या वेळी," आई म्हणाली, "तुझा मी बुडवला होता."

"माहीत आहे मला. मी अकरा खेळ तो पिवळट झगा घालून नाचले. मी पाया पडले तरी तू ऐकलं नाहीस. मला तेव्हाच वाटलं होतं की मी चांगली दिसावी असं तुला नकोच आहे."

"तू उंचावर गिरकी घ्यायचीस आणि माझा जीव जायचा," आई म्हणाली. ती हंसाच्या भांड्याकडे बघून बोलत होती. "रोज विंगेत उभी राहून मी देवाला सांगायची, ही चांगली नाचली नाही तरी चालेल, फक्त धड खाली येऊ दे. लोक हसायचे तुझ्या झग्याला. हसू देत. मला काय त्याचं. मग तू पडलीस. एवढं सांभाळूनही पडलीस. आगीला भीत राहिले आणि तू फळीवरून गेलीस. तेव्हा मी म्हटलं, जपून काय मिळालं? हिच्या वेळी मी जपायचं सोडून दिलं. हिच्या वेळी मला फक्त ती दिसायला हवी होती."

खाली गल्लीत कुणीतरी नाताळची गाणी म्हणत चाललं होतं, ते दूर गेलं.

केझाया ज्याची आठ वर्षं वाट बघत होती ते तिला मिळालं होतं, आणि ते खरं होतं, आईला खोटं बोलता येत नसे. आपण नकोशा होतो म्हणून नाही, हव्या होतो म्हणून तो पिवळट झगा. तिने हे मनात एकदा म्हणून पाहिलं. मग तिची नजर समोर गेली.

लेटीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. टोपीखाली तिचे ओठ किंचित उघडे होते आणि ती आईकडे बघत नव्हती, केझायाकडे बघत होती. ते बघणं केझायाने ओळखलं. पाव कापताना, वेणी घातली जात असताना, रोज सकाळी ते तिच्या स्वतःच्या डोळ्यांत असायचं. आपल्याला जे मिळालं नाही ते हिला मिळालं, न मागता मिळालं, आणि हिला त्याची किंमतही नाही.

आईलाही बहुतेक आपण काय बोलून गेलो ते उमगलं. ती घाईने उठली, लेटीच्या बाजूला गेली आणि सुरी-काटा घेऊन तिच्या ताटातलं मांस कापू लागली. आता खा, गार होईल, असं काहीबाही बोलत होती. लेटीने कोपराने ताट हळूच बाजूला सरकवलं. आईची सुरी टेबलाच्या कापडावर टेकली.

"ताई, तू काप," लेटी म्हणाली.

आई तशीच उभी राहिली. मामाने मान खाली घातली होती. डेल्फी आत्यासुद्धा, जिला वहिनीची फजिती बघायला एरवी आवडे, खिडकीकडे बघू लागली. केझाया उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि लेटीच्या शेजारी बसली. आईने सुरी-काटा तिच्या हातात दिला आणि जाऊन केझायाच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

केझायाने लहान लहान तुकडे केले. एक काट्याला लावून लेटीच्या तोंडाशी नेला. लेटीने तो खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला ती थांबली.

"तुझा किती वेळा बुडवला होता तिने?" लेटीने विचारलं. आवाज इतका हळू होता की फक्त शेजारच्याला ऐकू जावा, पण टेबल लहान होतं.

केझायाला चांगलं आठवत होतं. पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी आईने झगा बुडवला, वाळवला, मेणबत्तीशी धरून त्याचा काठ पाहिला. समाधान झालं नाही म्हणून पुन्हा बुडवला. आणि मग, बाकीच्या बायका हसत असताना, तिसऱ्यांदा. शेवटी तो जमिनीवर ठेवला तर एकटा उभा राहायचा. केझाया त्या वेळी रडली होती, आणि आईच्या बोटांना भेगा पडून त्यांतून रक्त आलं होतं.

तिने समोर पाहिलं. आई टेबलाच्या पलीकडून तिच्याकडे बघत होती.

"एकदाच," केझाया म्हणाली. "तोही घाईघाईत. नीट भिजलासुद्धा नव्हता."

लेटीने आईकडे पाहिलं. आईने काही सांगितलं नाही. मग लेटीने पुढचा घास घ्यायला तोंड उघडलं.